ळ च्या खणाची मालकी

मी, गोदाबाई जौजे कैलासवासी खुशालराव हाडोळे, वय साठीच्या अल्याडपल्याड, धंदा छापखाना, राहणार जुने शहर, मोर्णेच्या काठी, अकोला, प्रांत वऱ्हाड, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाशिवाय, राजीखुशीने लिहवून ठेवते. डोळे थकले, गुडघे गेले, पण अक्कल ठिकाणावर आहे. वकिलांचा कारकून सहदेव हे लिहून घेत आहे. अकलेचे वाक्य मी त्याला जरा ठसठशीत लिहायला सांगितले, कारण सगळे त्यावरच अडले आहे.

अडले ते असे. माझा थोरला मुलगा उत्तमराव अमरावतीला कचेरीत आहे. लढाईमुळे शिशाला भाव आला, तेव्हा छापखान्यातले सारे खिळे, म्हणजे आमची शिशाची अक्षरे, वितळवून विकावी आणि मी त्याच्या घरी जाऊन राहावे, असे तो म्हणतो. मी नाही म्हटले. तेव्हापासून आईला भ्रम झाला असे तो चारचौघांत सांगत सुटला आहे. त्याचे खरे ठरले तर हे मृत्युपत्र टिकणार नाही आणि जमुना उघडी पडेल. जमुना माझी धाकटी सून. माझा धाकटा गेला तेव्हापासून छापखाना तिच्याच हातांवर चालतो.

मला स्वप्ने पडतात हे मी नाकारत नाही. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, कागदावर उमटले की सुलटे होते. उभा जन्म उलटे वाचण्यात गेला, म्हणून माझी स्वप्नेही उलटी. स्वप्नात मोर्णा भलत्या दिशेने वाहते. बाजारातल्या पाट्या उलट्या असतात आणि मी त्या भराभर वाचत जाते. यजमान सदऱ्याची गुंडी उलट्या अंगाला लावून खिळ्यांच्या पेटीपाशी उभे असतात. ते एकेक अक्षर मागतात, मी काढून देते. काय छापायचे आहे ते कधी सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. जाग येते तेव्हा बोटांना शाईचा वास असतो. याला कोणी भ्रम म्हणो, मला त्यात सुख आहे.

आता मिळकत. छापखाना आणि राहते घर यजमानांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले होते. पायाने चालवायचे यंत्र, खिळ्यांच्या पेट्या, शाईचे रूळ आणि भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळसुद्धा मी जमुनेस देते. खिळे वितळवण्याचा हक्क कोणासही नाही. अक्षर झिजून ओळखू येईनासे झाले तरच ते भट्टीत जावे, आणि त्याचेही पुन्हा अक्षरच व्हावे. मी तिला विचारले होते, "तुले घर पायजे का?" ती म्हणाली, "मले काई नोको आत्याबाई. पेटीपाशी उभं राहू द्या, बस." तरी नदीकडची खोली तिला देते. न मागणाऱ्याला आपल्याकडे कोणी देत नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

पेटीतल्या एका खणाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. तो ळ चा खण. सहदेव म्हणतो, असले कलम आजवर कोणी घातलेले नाही. नसेल घातले.

माझे वडील केशवराव हे फुले विकत. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी हँडबिले छापायला दिली. लिहिता येत नव्हते, मजकूर तोंडी सांगितला. खुशालराव, जे तेव्हा अजून कोणाचे यजमान नव्हते, ऐकत ऐकत खिळे जुळवत गेले. आमच्या वऱ्हाडात ळ जिभेवर येत नाही. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो आणि केळीला केयी. बाबांना हव्या होत्या माळा, ते म्हणाले 'माया', यांनी जुळवले 'माया'. पुढे प्रूफ वाचतानाही डोळा अडखळला नाही, कारण माया हाही चांगला शब्द आहे. गावभर कागद वाटले गेले: 'केशवराव यांचे दुकानी ताज्या फुलांच्या माया मिळतील.'

शाळेच्या मास्तरांनी हसत हसत चूक दाखवली तेव्हा बाबा तणतणत छापखान्यात गेले. मागून मी, हातात शेवंतीची माळ.

"काय छापलं बे हे?"

"तुमी सांगतलं तेच, केशवराव. माया."

"माया नाई बे! माया पायजे!"

"मंग मायाच तं छापलं!"

दोघांनाही घाम फुटला. शेवटी बाबांनी माझ्या हातातली माळ ओढून त्यांच्या पुढ्यात आपटली. "हे! हे माया!" यजमानांनी माळेकडे पाहिले, मग माळ जिच्या हातात होती तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा फुकट छापून देतो म्हणाले. मी म्हटले, "राहू द्या न बाबा. लोक हासत हासत दुकानात येऊन राहिले." त्या सराईत आमची सगळी फुले गेली आणि पुढच्या सराईत मी छापखान्यात गेले.

म्हणून ळ चा खणही जमुनेचाच, आणि तिला सांगणे, की ळ चा शब्द तोंडाने म्हणून जुळवू नये, डोळ्यांनी वाचून जुळवावा. आणि तरीही चूक झालीच तर लगेच हाय खाऊ नये. चार दिवस थांबून पाहावे.

नणंद पार्बताबाई हिला मोकळ्या जागेचे खिळे, ओंजळभर. हे दोन शब्दांच्या मध्ये घालतात. छापल्यावर दिसत नाहीत, पण नसले तर शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. तिच्या बोलण्यात ही सोय देवाने ठेवली नाही. माळ्याची पोर छापखान्यात काय दिवे लावणार, असे ती माझ्या लग्नात म्हणाली होती. ते मी विसरलेले नाही, हे तिला वाचून दाखवावे.

बाळापूरच्या कुर्बानभाईंच्या हातचा, लगद्यात साचा बुडवून केलेला कागद पेटीत कापडात बांधून ठेवला आहे. उजेडात धरला की त्यात साच्याच्या काड्यांच्या रेघा दिसतात. यजमान एकदा मला चिखलदऱ्याला घेऊन गेले होते. सकाळी सारी दरी धुक्याने भरली होती. ते म्हणाले, "गोदे, हा कागदाचा लगदा हाय. कोनीतरी आता साचा बुडवीन." आम्ही दोघे बराच वेळ तिथे उभे होतो. तो कागद विकू नये. जमुनेस वाटेल ते तिने त्यावर छापावे, नाहीतर कोरा ठेवावा.

शेजारच्या पडवीतल्या शिळाछापाच्या शिळा, ज्यांवर उर्दू मजकूर हाताने लिहून छापतात, त्या लिहिणाऱ्या अब्दुल रहीम कातीब यांच्याच आहेत, त्यांवर माझ्या वारसांनी दावा सांगू नये. नवे लिहिण्याआधी शिळा वाळूने घासतात, तरी दमट हवेत जुन्या ओळी पुसट वर येतात. अब्दुल रहीम म्हणतात, "वैनी, गोटा काई इसरत नाई." हे खरे की नाही मला ठाऊक नाही, पण ऐकायला बरे वाटते.

उत्तमरावास राहते घर, नदीकडची खोली सोडून. खिळा एकही नाही.

इथवर लिहून झाले आणि उत्तमराव दारात उभा. त्याला कोणी कळवले ते मी विचारले नाही. त्याने सहदेवच्या हातातून कागद घेतले आणि उभ्याउभ्या सगळे वाचले. सहदेव उठून जाऊ लागला, मी त्याला बसवले. पुढचेही तो माझ्या सांगण्यावरूनच लिहीत आहे.

उत्तमराव पुण्याला शिकला, तेव्हापासून घरातही पुस्तकासारखे बोलतो. आज तसे बोलला नाही. खाली माझ्या पायांशी बसला आणि म्हणाला, "आई, दिवायीले तू झोपेत बाबासंग बोलून राहिली होती. हासत होती. इतकी खुश मी तुले कधी पाह्यलं नाई. उद्या तू तिकडंच राह्यली तं? मले भेव लागते. मले वाटे, खिये गेले का सपनं जातीन."

शिशाच्या भावाखाली हे दडले आहे, हे मला आईला कळू नये! मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बापू, येक दिवस मी तिकडंच राहीन. शिसं वितयून ते थांबत नाई. पन जमुना इकडं राह्यते. तिच्या हाताले काम पायजे."

आत जमुना यंत्र चालवत होती. ते थांबेपर्यंत तो ऐकत बसला.

साक्षीला अब्दुल रहीम आले होते, पण दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरीच होती, कारण उत्तमरावशी वाकडे घ्यायला गल्लीत कोणी तयार नव्हते. त्याने सहदेवकडे टाक मागितला. मी म्हटले, विचार कर, सही केलीस की मला भ्रम झाला असे उद्या म्हणता येणार नाही. तो म्हणाला, "म्हनूनच मागून राहिलो."

हे मी ऐकले, समजले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ: जुने शहर, अकोला
तारीख: ९ नोव्हेंबर १९४३, मंगळवार

सही: गोदाबाई खुशालराव हाडोळे

लेखनिक: सहदेव नथ्थूजी, वकिलांचे कारकून

साक्षीदार पहिले: अब्दुल रहीम, कातीब. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: उत्तमराव खुशालराव हाडोळे, मुलगा. आई पूर्ण शुद्धीवर आहे. सर्व वाचले. दुरुस्ती नाही.