चौकात लावायचा चेहरा

मी, रेणुकादास वामनराव नळगीरकर, वय एकोणपन्नास, नांदेडच्या एका दैनिकाचा उदगीरचा वार्ताहर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कुणाच्या दडपणाविना आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. चेहरा अर्धा शाबूत आहे, आणि हा सगळा खटाटोप त्या दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे.

घाईचं कारण असं. आमच्याकडे माणूस गेला की स्मशानातून लोक परतायच्या आत चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागतो. माझा फ्लेक्स माझा धाकटा भाऊ श्रीनाथ लावणार, आणि त्यावर माझा खोटा चेहरा छापणार. तो छापू नये.

कलम एक. उदगीरचं राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि संस्कृत ग्रंथांची दोन कपाटं माझी पत्नी सौ. कुसुम हिला. ग्रंथांना वाळवी लागू न देणं एवढंच पुरे, वाचण्याचा आग्रह नाही.

कलम दोन. चेहऱ्याची हकिगत. त्र्याण्णवच्या भूकंपाची बातमी करायला मी दुसऱ्याच दिवशी औशाकडच्या खेड्यांत गेलो. एका अर्धवट भिंतीजवळ टिपणं घेत असताना उरलेली दगडी भिंतही अंगावर आली. डावा गाल बसला, पापणी आणि ओठाचा कोपरा कायमचा खाली आला. आमच्या कवींनी मुखाला चंद्र म्हटलं, तेही पौर्णिमेचा. अष्टमीच्या चंद्राची उपमा दिलीच तर कपाळाला, गालाला नाही.

कलम तीन. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. संस्कृतला मार्क भरपूर मिळतात म्हणून श्रीनाथने मला त्याच्या क्लासमध्ये बोलावलं. पोरं आठवड्यात सरावली. पालक सरावले नाहीत. एक जण माझ्यासमोरच श्रीनाथला म्हणाले, “सर लई हुशार असतील हो, पण पोरगी बिचकून राहिली.”

श्रीनाथ मला म्हणाला, “दादा, अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत. तू आतल्या खोलीत बसून नोट्स लिही ना.”

मी आत बसलो. बाहेर बोर्डावर माझा फोटो चढला. फ्लेक्सवाल्या जलीलभाईंकडून त्याने माझा उजवा अर्धा चेहरा उलटा करून डावीकडे जोडून घेतला होता. गालावरच्या एका तिळाचे दोन झाले, भांगही दोन. शर्टाचा खिसा डावीकडे असतो, त्यामुळे तो गेलाच. क्लासवाल्याला खिसा नाही, हा त्या बोर्डावरचा एकमेव विनोद. पण सबंध लातुरात कुणालाही काही खटकलं नाही. उलट, “चेहऱ्यावर काय तेज आहे!” त्याच बोर्डाखाली एका पालकाने मला विचारलं, “हे सर भेटतील का हो?” मी म्हणालो, “बाहेरगावी गेलेत.”

जलीलभाईंना जाब विचारला. ते म्हणाले, “भाईसाब, लोकांना दोन्ही बाजू सारख्या लागतात. बोर्डावर कबुतर बसलं तरी मधोमध बसावं वाटतं त्यांना.”

भंगलेली मूर्ती पूजेतून काढावी, हे मी शिकलो आहे. काढलेल्या मूर्तीचा फोटो लावून दक्षिणा गोळा करावी हे कुठल्या शास्त्रात आहे, ते श्रीनाथने कळवावं.

कलम चार. क्लासची इमारत आम्हा दोघांच्या सामाईक जागेवर उभी आहे. मधोमध दार, दोन्हीकडे खिडक्या. डावीकडे जिना आल्याने खिडकी मावेना, तेव्हा श्रीनाथने भिंतीवर नुसती काच बसवून घेतली. डावा भाग माझा आहे. माझ्या फ्लेक्सवर जलीलभाईंनी यंदा काढलेला, हात न लावलेला फोटो छापला, तर माझा हिस्सा श्रीनाथला. बोर्डावरचा छापला, तर तो हिस्सा कुसुमला, आणि तिने तो पाडावा. उरलेल्या अर्ध्या इमारतीचा फोटो काढून श्रीनाथने उलटा जोडून घ्यावा.

कलम पाच. इथपर्यंतचा मसुदा मी कुसुमला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शाबासकीच्या अपेक्षेने विचारलं, “घरात कोणता लावशील?”

“बोर्डावरचा.”

“तो मी नव्हे.”

“माहीत आहे हो. पण त्याच्याकडं बघितलं की तो दगड आठवत नाही. तुम्ही समोर असलात की रोज आठवतो.” आणि पुन्हा खडे वेचू लागली.

यावर वकिलाला विचारलं. चौकातल्या फ्लेक्सला अट घालता येते, म्हणाला. घर मात्र कलम एकप्रमाणे कुसुमचं, त्यामुळे भिंतही तिचीच. खोडून नव्याने लिहावं, असं दोन दिवस मनात होतं. लिहिलं नाही. तिला हवा तो फोटो तिने लावावा. हार रोज ताजा घालू नये. त्या गृहस्थांनी तिच्यासाठी तसं काही केलेलं नाही.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून जलीलभाईंना नेमत आहे.

उदगीर, जि. लातूर
१४ जून २०११
(सही) रेणुकादास वामनराव नळगीरकर

आमच्यादेखत सही केली. वाचून पाहिलं, समजलं.
साक्षीदार: १. मन्मथ शिवलिंग हालगे, उदगीर
२. मारोती सटवाजी कदम, नायगाव