झडप कोण उघडतं

प्रिय कुन्नेय,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे पत्र न वाचताच चुलीत घालशील, असा मला संशय आहे. संशय माझ्या हाडीमाशी खिळलेला आहे, हे तुला मी सांगायला नको. घालायचंच असेल तर निदान वाचून घाल. फोनवर बोलले असते, पण फोनवर माझा आवाज आपोआप चढतो आणि तू गप्प बसतेस. तू गप्प बसलीस की मला वाटतं, पोरगी काहीतरी लपवतेय. म्हणून लिहायला बसले. शेजारचा गाव्रिल उद्या ट्रक घेऊन तालुक्याला येतोय, त्याच्याच हाती देते.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. पारा उणे चोपन्नावर अडकून बसलाय. शाळा बंद आहे, आणि धुकं असं की गोठ्याचं दार हाताला लागेपर्यंत दिसत नाही. गाई बऱ्या आहेत. ठिपकीच्या कासेला तू शिवलेली लोकरी पिशवी अजून बांधते. शिवण चांगली आहे. तेव्हा मुद्दाम म्हणाले नव्हते.

आता मनातलं सगळं सांगून टाकते. शहरात शिकलेली नर्स आमच्या गावच्या दवाखान्यात येते काय, आणि माझ्या एर्चिमच्या गळ्यात माळ घालते काय, मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. तरी पहिला हिवाळा बरा गेला. या ऑक्टोबरात मात्र झडपेचं सुरू झालं. लाकडं जळून निखारे झाले की धुराड्याची झडप लावायची, म्हणजे ऊब घरातच राहते. आमच्याकडे सुनेची परीक्षा यातच होते. जिची झडप उशिरा, ती उधळी. माझी आई तर निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असतानाच लावायची, आणि मीही तिचीच लेक. पण मी झडप लावून गोठ्यात जावं आणि परत यावं, तर झडप सताड उघडी, वर खिडकीतल्या झरोक्याची काचही उघडी! बाहेर उणे पन्नास, आणि सूनबाई आभाळ तापवतायत.

काय काय नाही आलं माझ्या मनात! आधी वाटलं, लाकडं लवकर संपवून मला माझ्या बहिणीच्या दारात नेऊन टाकायचा बेत असावा. मग वाटलं, म्हातारी गारठून आजारी पडली की दवाखान्यात तूच, औषध देणारी तूच आणि कशानं गेली ते कागदावर लिहिणारीही तूच. हसू नकोस. मी खरंच हे मनात घोळवत तुझ्या हातचा घोड्याच्या मांसाचा रस्सा ओरपत होते. शेवटी झडपेच्या मुठीला घोड्याच्या शेपटीचा एक केस बांधून ठेवला. परत आले तर केस तुटलेला. चोर सापडला, म्हटलं.

गाव्रिलसमोर तुला विचारलं, ते आठवतं? ‘मला गारठवून मारायचंय का गं तुला?’ तू कानापर्यंत लाल झालीस. म्हणालीस, ‘आई, गारठलं तर पांघरूण वाढवता येतं.’ मी म्हटलं, ‘आणि लाकडं काय तुझा बाप आणून देणार?’ गाव्रिल गोठलेल्या माशाचे काप चघळत म्हणाला, ‘अगं अकुलिना, पोरगी शिकलेली आहे, ऐक की जरा.’ त्यालाही मी सोडलं नाही. ‘तू तुझा मासा खा,’ म्हटलं. मग एर्चिमला त्याच्या कामावर, खाणीवर फोन करून बजावलं, या घरात ती तरी राहील नाहीतर मी तरी. बिचारा अडकित्त्यात सापडला. काही दिवस तालुक्याला माहेरी जा, असं तुला म्हणाला. तू गेलीस.

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी मी मनासारखी चूल पेटवली आणि निळी ज्योत असतानाच झडप लावली. घर इतकं छान उबलं की वाटलं, आता कसं माझं राज्य आलं! थोड्या वेळानं डोकं जड झालं. म्हटलं, तुझ्यावर चिडून चिडून झालं असेल. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. गाव्रिल पाण्यासाठी तळ्यावरचा बर्फ घेऊन आला म्हणून मी वाचले. त्यानं मला ओढत बाहेर काढलं, अंगावर अस्वलाचं कातडं टाकलं. मी तिथेच भडाभडा ओकले. उजव्या कानाची पाळी हिमानं काळी पडली, तेवढ्यावर निभावलं. तालुक्याहून आलेला डॉक्टर म्हणाला, ‘आजी, हा निखाऱ्यांचा वायू, झडप लवकर लावली की घरातच कोंडतो. ना वास, ना धूर. माणूस झोपतो तो उठतच नाही.’ गाव्रिल म्हणाला, ‘आणि हिचे गाल तर नव्या नवरीसारखे गुलाबी झाले होते हो!’ डॉक्टर म्हणाला, ‘होतातच. मेल्यावरसुद्धा तसेच राहतात.’ गाव्रिल हसत होता. मला हसता येईना.

कुन्नेय, पत्र लिहिलं ते यासाठी. ऑक्टोबरात जेवताना तू मला विचारलंस, एर्चिमचे बाबा कशानं गेले. मी म्हणाले, हृदय बंद पडलं. नव्या घरातला दुसरा हिवाळा होता. त्यानं लाकडी भिंतींच्या फटीफटीत शेवाळ ठासून वाऱ्याला शिरायला जागा ठेवली नव्हती. जेवून चुलीपाशी लवंडला, मी गोठ्यातून आले तर संपलेला. गाल मात्र असे गुलाबी की बायका म्हणाल्या, किती समाधानानं गेला प्रोकोपी. तू हातातली वाटी खाली ठेवलीस आणि विचारलंस, ‘आई, झडप लावली होती?’ मी तोऱ्यात म्हणाले, ‘मी कधी विसरते का?’ दुसऱ्या दिवसापासून झडप उघडी राहायला लागली. म्हणजे तुला त्याच क्षणी कळलं होतं. वायूचं एक वाक्य बोलली असतीस तर तुझ्यावरचा आळ मिटला असता. पण मग प्रोकोपीला कुणी मारलं, हेही मला कळलं असतं. म्हणून तू चोर ठरलीस, घर सोडलंस, आणि बोलली नाहीस. एर्चिमला मी सगळं सांगितलंय, त्याच्या बापाचंही. माफी मागायला मला तोंड नाही. आता चूल पेटवते तेव्हा झरोका उघडा टाकून, कोट घालून तिच्यापुढे बसते. निखारे पार काळे होतात, तरी हात मुठीकडे जात नाही. सगळी ऊब निघून जाते. गाव्रिल परवा परत निघेल, त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. ये, आणि झडप तुझ्या हातानं लाव.

तुझीच,
अकुलिना