आश्रिताचा रकाना

अहो,

बायकोने नवऱ्याला पत्र लिहिताना आधी चरणी मस्तक ठेवायचं असतं. या वेळी ते राहू द्या. आज सकाळी नैरोबीच्या फॉर्मवर मी सही केली आणि आपल्या वसंताने तो रजिस्टर पोस्टाने पाठवलासुद्धा. तुम्ही असतात तर सही करू दिली नसतीत. म्हणूनच तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडेना.

हे पत्र तुम्ही तपासणार नाही, याचा केवढा आनंद झालाय मला! वसंताला लिहिलेलं माझं प्रत्येक पत्र आधी तुमच्या टेबलावर जायचं. लाल पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ते परत यायचं आणि मी ते पुन्हा स्वच्छ उतरवून काढायची. एकदा शेवटी लिहिलं होतं, 'मला तिकडे येऊन तुमच्यात राहावंसं वाटतं.' त्या ओळीत एकही चूक नव्हती. तुम्ही अख्खी ओळ खोडलीत आणि समासात लिहिलंत, 'अनावश्यक'. आठवतं का? मी ती गाळून पत्र उतरवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

वसंत आगबोटीने पोचला तोवर तुमचे दिवस होऊन गेले होते. अग्नी पुतण्याने दिला. आल्याच्या तिसऱ्या दिवशी वसंत म्हणाला, आई, आता तरी चल. मी म्हटलं, कशी येऊ, तिकडचं सरकार नको म्हणतंय ना आपल्याला? तुम्ही मला तेच सांगितलं होतंत. अर्ज फेटाळला, विषय संपला.

"आई, सरकारने बाबांच्या पेन्शनला नाही म्हटलं," तो म्हणाला. "तुम्हा दोघांना नाही म्हटलेलं नाही. तुमच्यासाठीचा फॉर्म बाबांनी कधी पाठवलाच नाही."

मग त्याने मला समजावून सांगितलं, जे तुम्ही सहा वर्षांत सांगितलं नाहीत. म्हातारपणी तिकडे जाऊन राहायचे तीन मार्ग. पहिला भेटीचा पास. चार-सहा महिने राहा, नातवंडांचे लाड करा आणि परतीच्या बोटीत बसा. दुसरा स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांचा परवाना. तो मळे विकून बंगल्यात बसलेल्या साहेबलोकांसाठी. आणि तिसरा पास नोकरदार मुलाच्या आईवडिलांचा. मुलाने हमी द्यायची, आईवडिलांनी सुखाने राहायचं, शेवटपर्यंत. आपला मार्ग तो होता. वसंताने त्याचा फॉर्म तीनदा पाठवला. तुम्ही तीनदा बाजूला ठेवलात आणि परस्पर दुसऱ्या मार्गाचा मागवून भरलात. महाडच्या हेडमास्तरांचं पेन्शन साहेबांच्या पंक्तीला नेऊन बसवलंत! ते लोक दुसरं काय म्हणणार होते?

का केलंत असं, ते तुमच्या खणात सापडलं. कुठलाही इंग्रजी कागद आला की आधी त्याचं मराठी करायचं, ही तुमची खोड. त्या फॉर्मचंही केलं होतंत, सुवाच्य अक्षरात, नंबर घालून. जिथे 'डिपेंडंट' होतं तिथे तुम्ही लिहिलं होतंत 'आश्रित'. खाली दोन रेघा मारल्या होत्या. वसंत म्हणाला, त्या शब्दाचा अर्थ एवढाच की खर्चाला मुलगा जबाबदार. 'मुलाकडे राहणारे' असंही लिहिता आलं असतं. पण शब्द तुम्हीच निवडलात आणि त्याला अडलातही तुम्हीच. तिकडच्या एकाही अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, हो!

मला ठाऊक आहे तो शब्द तुम्हाला कुठे लागला ते. मुंज झाल्यावर उमरठहून तुम्ही महाडला शिकायला आलात आणि सात घरी वार लावून जेवलात. सोमवारच्या घरची बाई तुम्हाला मागच्या पडवीत वाढायची आणि आल्यागेल्याला सांगायची, हा आमचा आश्रित. लग्नानंतर एकदाच तुम्ही मला हे सांगितलंत आणि मी रडले होते. आजही त्या मुलाची मला दया येते. तुमची येत नाही.

कारण त्याच खणात तुम्ही पाठवलेल्या अर्जाची नक्कलही होती, अर्थात मराठीत. अर्जदाराच्या रकान्यात तुमचं नाव, पदवी, हुद्दा आणि पुढे 'स्वतंत्र'. खाली माझं नाव. 'सौ. सुमती, पत्नी.' आणि पुढे, त्याच सुवाच्य अक्षरात, 'आश्रित'. तिथे तुमचा हात अडखळला नाही. खाडाखोड नाही, रेघा नाहीत. मी ते कितीदा वाचलं असेल! म्हणजे शब्द वाईट नव्हता तर. फक्त तुमच्या नावापुढे नको होता. चाळीस वर्षं मी तुमच्या घरात त्या शब्दाखाली जेवले, उठले, दुखणी काढली. मला काही झालं का?

पहिला फॉर्म आला तेव्हा सूनबाईला सातवा महिना होता. वसंताने लिहिलं होतं, हे मला आता त्याच्याकडून कळलं, की आईला पाठवा, इथे घरात मोठं बाईमाणूस नाही. हे पत्र तुम्ही मला वाचून दाखवलंत ते एवढंच, की सर्व क्षेम आहे. मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. मी असते तर वाचला असता असं मी म्हणणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण मी तिथे असते. त्या पोरीने परक्या मुलखात एकटीने बाळंतपण काढलं आणि मूलही एकटीने गमावलं. याची क्षमा तुम्ही माझ्याकडे मागू नका. मी करणार नाही.

परवा उमरठच्या आपल्या शेतावरची धोंडाबाई तांदूळ घेऊन आली होती. तिला मी सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, तुझ्या मास्तरांनी माझं काय केलं. तिने ऐकून घेतलं, चहा संपवला, मग म्हणाली, "वयनी, मास्तर नाय म्हनले, ता झाला. पन तुमी काय म्हनलात?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. ओळ खोडलीत, मी गाळली. अर्ज फेटाळला म्हणालात, मी देवापुढे दिवा लावून स्वयंपाकाला लागले. तुमच्यावरच्या रागातला हा एवढा वाटा माझा मी ठेवून घेते. बाकीचा सगळा तुमचा.

आता माझा हिशेब ऐका. तुमची वेताची छडी धोंडाबाईला दिली, म्हशी हाकायला. पेन्शनरांच्या मंडळातले तुमचे मित्र विचारायला आले, वहिनी, मास्तरांच्या नावाने शाळेत एखादं बक्षीस ठेवायचं का? मी म्हटलं, ठेवा की, भाषांतराचं ठेवा. ते मान डोलावून गेले. त्यांना काही कळलं नाही आणि मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले. किती दिवसांनी हसले असेन!

वसंत म्हणतो, तिकडे आता तिथल्या लोकांचं स्वतःचं राज्य येणार, मग असे पास मिळतील की नाही कुणास ठाऊक. म्हणून घाई केली. सही करताना त्याने विचारलं, आई, वाचून दाखवू का? मी म्हटलं, फक्त तो रकाना कुठे आहे तेवढं दाखव. त्याने बोट ठेवलं. त्या रकान्यात मी मराठीत, मोठ्या अक्षरात माझं नाव लिहिलं. शाई थोडी पसरली.

एक गोष्ट ठरवली आहे, आणि ती तुमची शपथ घेऊन सांगते. तुम्हाला मी इथे ठेवून जाणार नाही. निरोपसमारंभातला तुमचा फोटो, टोपी आणि उपरण्यातला, ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये ठेवला आहे. फोटोला पास लागत नाही, विचारून घेतलं. तिथे वसंताच्या घरात, वसंताने ठोकलेल्या खिळ्यावर तुम्हाला टांगीन. वसंताने आणलेला हार घालीन, त्याच्या घरच्या अन्नाचा नैवेद्य दाखवीन, रोज, न चुकता. आणि शेजारपाजारच्या बायकांनी विचारलं, हे कोण, तर सांगेन, हे होय, हे आमच्याकडेच असतात.

वसंताची आश्रित,
सुमती