हळू सांगायची गोष्ट

४ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही, म्हणतो हा माणूस! "मले ऐकू येते. तूच तोंडातल्या तोंडात बोलते." मी अंगणातून गळा फाडून राहिली होती, पानठेल्यावरून चिंधू धावत आला — "वहिनी, काय झालं?" — आणि म्हणे तोंडातल्या तोंडात.

तीस वर्षं पितळेवर हातोडा. कान जाणार नाही तं काय होईल? नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण वहीत घेतलं तं कोणाचं काय जाते — तुलाराम. भंडाऱ्यात यायच्या घागरीले नाव आहे. पण यायच्याशी बोलायचं तं अख्खी गल्ली ऐकते. हे बोलतात तेही ओरडूनच.

आणि मले जे सांगायचं आहे ते ओरडून सांगायची गोष्ट नाही. आमच्या खुशबूनं पुण्यात मुलगा पाहिला. योगेंद्र. तिच्याच ऑफिसात आहे. आपल्यातला नाही. दिवाळीत आली होती तेव्हा रडली पोरगी — "आई, बाबाले तूच सांग." कसं सांगू? लिहून दाखवावं तं यायले वाचता येत नाही, सरळ चिंधूकडून वाचून घेतील. वैनगंगेच्या घाटावर नेऊन सांगावं तं तिथंही ओरडावंच लागंल. डिसेंबरात मुलाच्या घरचे येणार. त्याच्या आधी ही गोष्ट यायच्या कानात गेली पाहिजे. हळू आवाजात.

५ नोव्हेंबर

करडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, यंदा डॉक्टर बसणार आहेत. पैसा घेत नाहीत! दंडारवाल्यांनी दंडारीचं नाच-नाटक दाखवायचं, विणणाऱ्यांनी कापड द्यायचं, आणि बदल्यात इलाज. कानाची मशीनही देतात. आज यायले ताटावर बसवून पुन्हा विषय काढला.

"फुकटचं मी घेत नाही."

मी ओरडली — फुकट नाही, घागर द्यावी लागते. घास हातातच राहिला. "केवढी पाहिजे म्हणतात?"

झालं. सौदा म्हटला की माणूस तयार.

९ नोव्हेंबर, शनिवार

अंग आंबून गेलं आहे, पण लिहूनच झोपीन.

एसटीनं गेलो. घागर यायच्या मांडीवर, मले हातही लावू दिला नाही. मंडईत हीऽ गर्दी. एकीकडं भजी, पाळणे, एकीकडं डॉक्टरांचे मांडव. दंडारीतला राजा मुकुट घालूनच बीपीच्या लाइनीत उभा होता. सिस्टर त्याले म्हणे, महाराज, बाही वर करा. कोसा विणणारी एक बाई नवीन चष्मा लावून आपलंच कापड उलटंपालटं करून पाहत होती.

कानाच्या डॉक्टर चंद्रकांता मॅडम. चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. तपासलं, मशीन बसवली, मग पाठीमागं जाऊन हळूच म्हणाल्या, "तुलारामजी?"

हे वळले. माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

आणि मग मॅडमनं कौतुकानं घागरीवर टिचकी मारली. यायचं तोंड उतरलं. स्वतः मारली, पुन्हा मारली. बद्द. चांगली घागर घुमत राहते, ही गुमान बसली.

"ही मी देत नाही," म्हणाले. मशीन काढून टेबलावर ठेवली, घागर उचलली, चालू लागले. मॅडम मागं आल्या. राहू द्या, मले आवडली. — "तुमाले आवडली, मले नाही." मशीन तरी न्या, घागर मागाहून द्या. — "नाही. आधी वस्तू."

एसटीत मी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तं ड्रायव्हरनंही ऐकला असता.

१० नोव्हेंबर

दिवसभर अबोला धरला. यायले कळलंच नाही.

११ नोव्हेंबर

सकाळपासून भट्टीपुढं नुसते बसून होते. हातोडा खाली. मग मले विचारलं — ओरडूनच — "कधीपासून अशा वाजून राहिल्या?"

मी दोन बोटं दाखवली. दोन वर्षं. खोटं बोलली. चार तं नक्कीच झाली. गिऱ्हाईकही कमी झालं, पण तोंडावर कोण सांगणार? मीही नाही सांगितलं.

ऐकू आल्याबिगर घागर जमत नाही, आणि घागरीबिगर मशीन घेत नाही. असा अडकला माणूस! मॅडमचा फोन आला होता. मशीन यायच्या नावानं ठेवली आहे, शनिवारी भंडाऱ्यातल्या दवाखान्यात या म्हणाल्या. फोन ठेवला, पाट उचलला आणि भट्टीजवळ जाऊन बसली.

"मारा टिचकी," म्हटलं.

१३ नोव्हेंबर

नवी घागर. हे मठारतात — बारीक ठोके देऊन पत्रा सगळीकडं सारखा करतात — थांबतात, टिचकी मारतात, माझ्या तोंडाकडं पाहतात. मी नाही म्हटलं की तिथंच पुन्हा ठोके. मी कानात कापूस घालून बसते, टिचकीपुरता काढते. काल मीच दोनदा चुकली असं वाटलं, तरी यायनं माझंच ऐकलं.

लग्नाले एकतीस वर्षं झाली. इतका वेळ यायनं माझ्या तोंडाकडं कधी पाहिलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

वाजली!

१६ नोव्हेंबर, शनिवार

घागर दिली, मशीन आणली. मॅडमनं टिचकी मारली तेव्हा हे डोळे मिटून ऐकत होते. आवाज विरला तरी उघडेनात. मले तं मॅडमच्या पाया पडावं वाटलं.

ऑटोत बसल्यापासून तक्रार सुरू. हॉर्न वाईट, भोंगे वाईट. गल्लीत शिरल्यावर — "एवढे बोंबलतात हे लोक?" मी हसली, म्हटलं तुमच्यामुळंच सवय लागली त्यायले.

उद्या सांगणार. दार लावून, जवळ बसून.

१७ नोव्हेंबर

नाही सांगितलं. जेवताना दोनदा तोंड उघडलं, दोनदा मीठ पाहिजे काय विचारलं. इतके दिवस कानाचं निमित्त होतं. भेव माझंच होतं, आता समजून राहिलं. खुशबूले मशीनचंही कळवलं नाही. कळवलं तं विचारंल, मग बोलली काय?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मी कणीक मळून राहिली होती. फोन वाजला तं यायनं उचलला. हे कधीच उचलत नाहीत, म्हणून तिकडून खुशबू सुरूच झाली — "आई, बाबाले आताच नको सांगू, योगेंद्रच्या घरचे म्हणतात..." स्पीकर चालू. सगळं बोलली पोरगी. मी पिठाच्या हातानं दारात उभी.

"मी बाबा आहो," हे म्हणाले.

हे उठले. गल्लीकडची खिडकी लावून घेतली. फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "त्याले घेऊन ये." इतकं हळू, की पोरीले दुसऱ्यांदा विचारावं लागलं.