काउंटरवरची पाटी

आई,

काल सकाळी ड्यूटीवर गेलो तर पबच्या दाराला साखळी आणि वर कागद, कायमचं बंद. आदल्या दिवशी मॅनेजर "यल्ला, चल, उद्या भेटू" म्हणाला होता. मागून आत गेलो तर कामगार काउंटर उचकटत होते.

हो, पब. तुला मी फुटबॉल क्लबमध्ये नोकरी सांगत आलो. दुबईभरचे लोक मॅच बघायला तिथे यायचे, एवढंच त्यात खरं. पंधरा वर्षं मी बिअर भरली. स्वतः थेंब घेतला नाही. बाबांचं बघितल्यावर कोण घेईल?

जुनं गिऱ्हाईक वारलं की त्याच्या नावाची पितळी पाटी काउंटरवर ठोकायची, आणि सीझनच्या पहिल्या मॅचला सगळ्यांनी उभं राहून ती नावं घ्यायची, अशी तिथली रीत. बाबा गेले तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. मॅनेजरने विचारलं, "तुझे वडील कुठल्या टीमचे?" मी म्हटलं, लाल जर्सीवाल्यांचे. त्याने बाबांच्याही नावाची पाटी ठोकून घेतली. बाबांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. तरी सहा वर्षं शंभर गोरे उभे राहून "डटाराम" म्हणायचे.

आपल्या घरात तू ते नाव काढू देत नाहीस. मी तुला दोष देत नाही.

पाटी कामगारांकडून मागून घेतली. मंगळवारी येतोय. नोकरी गेल्याचं सांगेन, पाटीचं तोंडाने जमणार नाही. लिहिलंय, पण हे पत्रही तिच्यासोबत बॅगेतच राहील.

बाबांचा फोटो तू उतरवलास. खिळा मात्र अजून भिंतीत आहे.

तुझा,
गणू