टाकीला जागली

माय, तुझ्या नातीनं लग्नासाठी पोरगा पसंत केला आणि काल सकाळी ती त्याला घरी घेऊन आली. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर आधी त्याच्या चपला पाहिल्या असत्यास, मग हात, आणि सगळ्यात शेवटी तोंड. मीही तसंच पाहिलं. चपला बऱ्या होत्या, हात मऊ होते, तोंडावर हसू होतं. हिंगणघाटच्या एका दुकानदाराच्या घरातला आहे. स्वतः कम्प्युटरवर काम करतो, म्हणजे नेमकं काय करतो ते तुझ्या नातीनं पुन्हा पुन्हा समजावलं तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. तिनं मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, ''आई, संध्याकाळपर्यंत हो का नाई ते सांग. तू नाई म्हटलं तं मी पळून जानार नाई, पन दुसऱ्या कोनाशी लग्नबी करनार नाई.'' ही धमकी होती की लाड, देव जाणे. मीही तुला एकेकाळी हेच ऐकवलं होतं, त्यामुळे मला रागावताही येईना.

कारखाना जिथं होता तिथंच आहे, कारंज्याच्या हायवेला लागून. विटांची, आतून डांबर लावलेली तुझी टाकी बुजवून तिथं आम्ही कडुनिंब लावला, आणि तो चक्क जगला. आता टाकी फायबरची आहे. बाकी काम तेच. ट्रॉल्यांचे सांगाडे येतात, खिडक्यांची ग्रिलं येतात, ढाब्यांच्या भट्ट्यांच्या जाळ्या येतात, सगळं गंजून लाल झालेलं. त्याला ॲसिडमध्ये आंघोळ घालायची, पाण्यानं धुवायचं, सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, कोरडं करायचं आणि पुन्हा गंज धरायच्या आत लाल प्रायमर मारायचा. कोपऱ्यात तो पिवळट औषधाचा ड्रम असतोच, तोच मेल्या माशासारखा वास मारणारा. त्यावर इनहिबिटर असं छापलेलं आहे, पण आपल्याकडे तो शब्द कोणाच्या जिभेवर बसला नाही. कामावरची माणसं आजही विचारतात, ''बाई, टाकीले जागली लागली काय?'' हा शब्द तुझा. रानडुकरांनी आणि रोह्यांनी पीक खाऊ नये म्हणून लोक रात्री शेतात राखणीला बसतात ती जागली. तू माहेरच्या शेतातून ती उचललीस आणि ॲसिडच्या टाकीत आणून बसवलीस.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी शाळेतून येते आहे, दप्तर अजून पाठीवर आहे, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तू लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या मांडल्या आहेस. दोन्हींत पाण्यात मिसळलेलं ॲसिड, दोन्हींत एकेक गंजका खिळा, आणि एकीत तू ड्रममधल्या औषधाचे थेंब टाकलेले. मी हात पुढं केला आणि हातावर फटका बसला. ''डोयानं पाह्य, हातानं नाई.'' बघता बघता दोन्ही खिळ्यांचा गंज सुटला, पण एका बरणीतले बुडबुडे काही थांबेनात. तू म्हणालीस, ''पाह्यलं? गंज सरला तरी तेजाब खाऊनच राह्यलं. आता लोखंड खाते. त्याले कुठं थांबाव हे समजत नाई.'' मग दुसऱ्या बरणीकडे बोट दाखवलंस. ''हे चूप हाय. गंज गेला, लोखंड राह्यलं. इथं जागली बसली हाय.'' मी विचारलं, ''मंग ते जागली गंजाले काऊन खाऊ देते?'' तू माझ्याकडे असं पाहिलंस की या पोरीचं कसं होणार. ''गंज काय आपलं पीक हाय?'' पुढं वर्ध्याच्या कॉलेजात सरांनी फळ्यावर काढून दाखवलं, की हे औषध उघड्या लोखंडावर पातळ थर धरून बसतं आणि ॲसिडला त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. नाहीतर लोखंड झिजतं, शिवाय त्यातून निघणारा वायू आत शिरून स्प्रिंगसारखं कडक पोलाद ठिसूळ होतं. सारा वर्ग लिहून घेत होता आणि मला फळ्यावर शेतातलं मचाण दिसत होतं.

पण तुझं सगळंच पक्कं होतं असं मात्र नाही हं. एकदा नागपूरहून ड्रम आलाच नाही आणि तुला कोणीतरी सांगितलं की पूर्वीचे लोक टाकीत कोंडा टाकायचे. तू टोपलीभर गव्हाचा कोंडा टाकून मोकळी झालीस. थोड्या वेळानं टाकीवर असा फेस चढला की तो काठावरून अंगणात उतरू लागला. बाबा धावत आले, बघत राहिले आणि म्हणाले, ''तेजाबाची कढी केली काय वं?'' तू हार मानणारी नव्हतीस. संत्र्याचे दिवस होते, सालींना आपल्याकडे काय तोटा! तू पातेलंभर साली उकळल्यास आणि तो काढा टाकीत ओतलास. त्यानं लोखंड थोडंफार वाचलंही, पण खिडकीचं ग्रिल न्यायला आलेला माणूस ते पुन्हा पुन्हा हुंगत उभा राहिला आणि म्हणाला, ''भाऊ, याले अत्तर लावलं काय?'' बाबा हसून हसून खाटेवर आडवे झाले होते. तू मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलीस की साली अजून उकळायला हव्या होत्या.

मग बाबा गेले, आणि घरातलं हसणं बंद झालं. टाकी तू एकटीनं चालवलीस. बाबांनी स्वतः केलेलं अंगणाचं गेट, पत्र्यातून छिन्नीनं पिंपळपानं कापून जोडलेलं, ते तू कोणाला जोरात लोटू द्यायची नाहीस. अशात मी एक कंडक्टर पसंत केला. समुद्रपूरकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, मी रोज वर्ध्याला जायची ती एसटी त्याची. तो मागणी घालायला एकटाच आला, सोबत घरातलं कोणी मोठं माणूस नाही, आणि तुझा पारा चढला. मी तुझी एकुलती एक, म्हणजे पुढं कारखाना माझ्या नवऱ्यालाच बघायचा. ''तिकिटं फाडनारा मानूस टाकी कशी सांभाळीन?'' असं तू त्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालीस. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू नाही म्हटलं असतंस तर ते मोडून जायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि त्याला विसरायचीही नव्हती.

परतीची शेवटची बस निघून गेल्यामुळे तो मुक्कामाला राहिला. दिवाळी जवळ आली होती आणि बाबांचं गेट तू गंज काढून रंगवायला उतरवून ठेवलं होतंस. मला तू विरजण आणायला शेजारी पिटाळलंस आणि भाकरी थापता थापता आतूनच त्याला ओरडून सांगितलंस, ''ए बाबू, ते गेट टाकीत सोडजो, अन् त्याच्या आंधी टाकीले जागली लावजो. रातभर राहू देजो.'' तो ''हो काकू'' म्हणाला. जन्मापासून शेतात वाढलेला माणूस. जागली म्हणजे काय, हे त्याला कोणाला विचारायची गरजच वाटली नाही.

सकाळी तू अंगणात आलीस तर टाकीशेजारी खाट, खाटेवर हा ताठ बसलेला, अंगावर घोंगडी, हातात काठी, डोळे तांबारलेले. ''हे काय करून राह्यला रे?'' ''जागली लावली ना, काकू. रातभर कुत्रं नाई फिरकू देलं टाकीजवळ.'' तू ड्रमकडे पाहिलंस. झाकण जसंच्या तसं. मग तू साखळी ओढलीस आणि बाबांचं गेट वर आलं. पानांची नुसती जाळी उरली होती, पोथीत ठेवलेल्या पिंपळपानासारखी. काहींचे तर फक्त देठ. मी दारात उभी होते आणि मनात म्हटलं, झालं, संपलं, आता हा पहिल्या बसनं जाणार. तू गेटकडे पाहिलंस, त्याच्या काठीकडे पाहिलंस आणि मटकन खाली बसलीस. मला वाटलं रडतेस. जवळ आले तर तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. ''अरे बाप्पा, तेजाबात डुकरं येनार होते काय रे?'' तो बिचारा एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. डोळे पुसत तू म्हणालीस, ''गेट गेलं तं गेलं. राखनारा तं भेटला.'' आणि आत जाऊन चहाचा पहिला कप त्याला दिलास.

त्यानंतर जागली टाकीपेक्षा घरातच जास्त लागली, नाही का? तुझी जीभ तेज, माझीही काही कमी नाही. तू रागावलीस की माझा आळस, माझा नखरा सगळं धुऊन निघायचं, ते बरंच होतं. पण कुठं थांबायचं ते तुला समजत नसे आणि मलाही नसे. आपला आवाज चढला की तुझा जावई कोणाचीच बाजू न घेता मध्ये येऊन उभा राहायचा. ''मामी, मी चहा ठेवू काय?'' त्याच्या हातचा चहा तुझ्या-माझ्या दोघींच्याही घशाखाली उतरत नसे, त्यामुळे भांडण सोडून आधी दूध वाचवायला धावावं लागे. मी तुझ्यापाशी राहिले, कारखाना सोडला नाही, आणि तू गेलीस तेव्हा आपल्यात काही टोचणारं उरलं नव्हतं, ते त्या वाईट चहामुळे. आज तुझी आठवण आली की मला आनंद होतो, माय. निव्वळ आनंद. सगळ्या लेकींच्या नशिबी हे नसतं.

तर कालचं सांगते. पोरगा आला, तू रंगवून परत बसवलेलं ते जाळीचं गेट कोणी न सांगता हळूच लोटलं आणि पानांकडे बघून म्हणाला, ''काकू, डिझाईन भारी आहे.'' तुझ्या जावयाला ठसका लागला. मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. म्हटलं, ''बाबू, जरा टाकीले जागली लावून दे.'' त्यानं लगेच विचारलं, ''काकू, जागली म्हणजे काय?'' आता काय करणार? सांगितलं. त्यानं हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, किती टाकायचं ते विचारलं, तेवढंच मापून टाकलं, मग ग्रिल सोडलं. ग्रिल असं स्वच्छ राखाडी निघालं की नाव ठेवायला जागा नाही. मी तोंड पाडून बसले. तुझा जावई म्हणाला, ''अवं, पोरगं विचारून करते, हे बरं नाई काय? मी विचारलं असतं तं गेट वाचलं असतं.'' मी म्हटलं, ''अन् मंग मायनं तुमाले हो म्हटलं असतं काय?'' यावर तो मिशीत हसला.

दुपारी जेवायला बसलो. वांग्याची भाजी तुझ्या नातीनं केली होती. मी पहिल्याच घासाला म्हटलं, ''मीठ किती टाकलं वं? सासरी असंच करशीन?'' ती तुझीच नात, उसळली. ''तूच करत जाय मंग!'' मी काही बोलले, ती काही बोलली, ताटं तशीच राहिली. तेवढ्यात पोरगा हात धुऊन उभा राहिला आणि घाबरत घाबरत म्हणाला, ''काकू, मी चहा ठेवू का?'' भर जेवणात! तुझ्या जावयाच्या हातातला घास ताटात पडला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि असं हसू फुटलं की बोलताच येईना. चहा त्यानं खरोखरच केला. अगदी भयंकर होता. मी कप रिकामा केला आणि संध्याकाळची वाट न बघता हो म्हणून टाकलं. तुझी नात माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मीही.

हे पत्र कुठं जायचं नाही. टाकीजवळच्या फळीवर ठेवीन, तिथल्या वाफेनं तपकिरी होईल आणि एखाद्या दिवशी कोणीतरी त्याला प्रायमरचा ब्रश पुसेल. पण एक विचारायचं राहिलं. शेतकऱ्याच्या मुलाला जागली म्हटलं की तो काय समजणार, हे तो शब्द शेतातून आणणाऱ्या तुलाच कसं कळलं नाही? बाबांचं गेट तू असं पणाला लावशील यावर माझा विश्वास बसत नाही. पण त्या संध्याकाळी मला विरजण आणायला पिटाळलंस, नाहीतर मीच त्याला ड्रम दाखवला असता, आणि घरात ताकाचं गाडगं भरलेलं होतं, हे मला काल भांडी आवरताना आठवलं. मी तुला जाब विचारत नाही, माय. तुझ्या नातीच्या भाजीत मीठ अगदी बरोबर होतं.