तिच्या वळणाची पट्टी

४ मार्च
पोचले एकदाची! खोली उन्हाने भरलेली, खिडकीपाशी लांबलचक टेबल आणि कपाटांत जुने टाइपरायटर. ते दुरुस्त करायचे हेच माझं काम. मालक म्हातारे, पण हौशी. त्यांच्या मुलीला सगळे ताई म्हणतात. तिने आल्याआल्या चहा दिला.

६ मार्च
आज सगळ्यात देखणं यंत्र उघडलं. एरवी प्रत्येक अक्षराला वेगळी दांडी असते. इथे सगळी अक्षरं कडक रबराच्या एकाच वाकड्या पट्टीवर. कळ दाबली की पट्टी फिरते आणि कागदामागून हातोडी बसते. पट्टी बदलली की वळण बदलतं: तिरपं, बारीक, चक्क दुसरी लिपी. शंभरेक वर्षांपूर्वी हे ज्याला सुचलं त्याची कमाल. पण पुढे दांड्यांचीच यंत्रं खपली, असं मालक हळहळत म्हणाले.
मग त्यांनी एक पट्टी दाखवली. वारलेल्या बायकोच्या अक्षरावरून मुद्दाम कोरून घेतलेली. ती बसत नव्हती, मी हलकी कानस मारून बसवली. पहिली ओळ पाहून त्यांचे डोळे भरले. माझेही.

९ मार्च
मालक रोज दुपारी मजकूर सांगतात, मी टाइप करते. बायकोने त्यांना लिहावीत अशी पत्रं. ताईने आज मला स्वयंपाकघरात गाठलं. आई हे घर सोडून गेली होती म्हणे. आजारी पडली तेव्हा बाबांनी उचलून परत आणली.
"तिला यायचं नव्हतं," ताई म्हणाली. "तिच्या तोंडी शब्द घालू नका."

११ मार्च
मी टाइप केलं, ‘तुमची आठवण येते’. उमटलं, ‘मला जाऊ द्या’.
पट्टी पुसली. पुन्हा तेच. मालकांनी कागद शांतपणे फाडला आणि म्हणाले, ती पहिल्यापासून हट्टीच, पुन्हा करा.

१२ मार्च
साधी पट्टी घातली. तरी तिचंच वळण. बहिणीला पेनाने चार ओळी लिहिल्या — त्याही तशाच. माझा ‘ण’ असा नाही. कधीच नव्हता.

१३ मार्च
ताईने ही पानं पाहिली, पांढरीफटक पडली. बॅग भर म्हणाली. पण दाराला बाहेरून कडी — मालकांनी बायकोच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. मी का —

१४ मार्च
ताई, बाळ, या मुलीला घरी पाठव. ती माझ्यासारखीच अडकली — ह्यांची पावलं. लिही म्हणतात. मी इथे सुखात आहे. मी इथे सु